'हांवें कितें केलां?' : गोव्यातल्या बायकांची त्यांच्या कलेबद्दल मुलाखत कशी घ्यावी

गोव्यात एखाद्या बाईला तिच्या कलेबद्दल विचारले की पहिले उत्तर बहुतेक वेळा सारखेच येते : "हांवें कितें केलां? सगळींच करतात तें." म्हणजे मी काय केलेय, सगळ्याच करतात ते. आयुष्यभर धालोत, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या गाण्या-नाचात, पुढची ओळ धरणारी बाई हेच सांगते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी शेजारच्या घरांच्या नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, मुरड घालून देणारी हेच सांगते. कवितासंग्रह छापून आलेली निवृत्त शिक्षिकासुद्धा आधी मुलांची शिक्षणे सांगते आणि मग "फावल्या वेळात थोडे लिहिते" म्हणून गप्प होते. मुलाखत घेणारीचे काम या उत्तरानंतर सुरू होते. पुष्कळ जणी नेमक्या इथेच वही मिटतात.

अशा मुलाखती घेऊ पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे : महाविद्यालयातल्या मुली, दिवाळी अंकांचे संपादक, गावच्या वाचनालयाचे कार्यकर्ते आणि आजीची गाणी आजीबरोबर जाऊ नयेत असे वाटणारी नातवंडे. माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. कलेची मुलाखत म्हणजे कामाची मुलाखत. हात काय करतो, डोळा काय बघतो, साधलेले कोणते आणि फसलेले कोणते हे तिला कसे कळते, ते विचारायचे. घर, सासर, पैसा, दुखणी हे सगळे त्या कामाच्या वाटेने येतेच. सुरुवातच "घर सांभाळून हे कसे जमवता?" अशी केली, तर ती घराबद्दल बोलते आणि काम बाजूला राहते.

कोणाकडे जायचे

गाजलेल्या बायकांची गोव्याला वाण नाही. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या. मोगूबाई कुर्डीकर, बांदिवड्याच्या ज्योत्स्ना भोळे, चित्रकार अँजेला त्रिंदाद, कोंकणी कथाकार मीना काकोडकर, लोकवेद (लोकसाहित्य) गोळा करणाऱ्या जयंती नायक : यांच्याबद्दल काही ना काही लिहिलेले सापडते. पण केसरबाईंच्याच फोंडा तालुक्यात म्हार्दोळला जायांच्या आणि अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, गुंफणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या बोटांचा वेग कितीतरी लोकांनी उभे राहून पाहिला आहे, पण कोणी त्यांच्याशी निवांत बसून बोललेले नाही. क्रोशाची लेस विणणाऱ्या, वाकळा शिवणाऱ्या, महिला भजनी पथकात पखवाज धरणाऱ्या, उत्सवी नाटकांत नाईट (एका रात्रीच्या मोबदल्यावर काम) करणाऱ्या, तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत-नाट्यात, गाणाऱ्या, फुगडीच्या स्पर्धेसाठी नवी कडवी बांधणाऱ्या, सगळ्यांचे असेच आहे. पणजीतल्या फॅशन डिझायनर आणि चित्रपट करणाऱ्या तरुण मुलीही याच यादीत येतात. कला जुनी असली तरच ती नोंदवायची, असे मानू नये.

पहिल्या मुलाखतीला आपल्याच वाड्यावरची बाई निवडावी. दूरच्या गावातली प्रसिद्ध कलाकार अनेकदा बोललेली असते आणि तिची उत्तरे ठरून गेलेली असतात. वाड्यावरच्या बाईला उत्तर तुमच्यासमोर शोधावे लागते. दुसरे म्हणजे एक कला धरा आणि त्या कलेतल्या वेगवेगळ्या वयांच्या तीन-चार जणींना भेटा. दहा कलांतल्या दहा जणी भेटलात तर दहा ओळखी होतील. एकाच कलेतल्या चौघी भेटल्यात तर काय बदलले, कोणी बदलले आणि कशामुळे, हे दिसू लागते.

जाण्याआधी

कलेचे शब्द माहीत करून घ्या. धालोबद्दल बोलायला जाताना एवढे तरी ठाऊक हवे की धालो पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या अंगणात, होतात, बायका समोरासमोर दोन रांगा करून वाकत-उठत गातात, वाद्य नसते, आणि शेवटच्या दिवशी काही गावांत बायकांच्या अंगात रंभा येते. लेखिकेकडे जात असाल तर तिचे छापलेले सगळे वाचा. निदान एक पुस्तक नीट वाचून त्यात खुणा करून न्या. पणजीला पाटोवरच्या संस्कृती भवनातल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात गोव्याविषयीच्या पुस्तकांचा आणि जुन्या वर्तमानपत्रांचा चांगला साठा आहे. तिथे घालवलेला एक दिवस फुकट जात नाही.

आणखी एक कागद सोबत असू द्यावा. ज्या घटनांनी गोव्यातले लोक काळ मोजतात त्यांची ही यादी : १९६१ ची मुक्ती, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा १९६७ चा ओपिनियन पोल, १९७३ मध्ये पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचे निधन, १९८७ चे घटकराज्य, १९९८ ची कोंकण रेल्वे. "हे कोणत्या साली?" असे विचारले की बाई गोंधळते किंवा अंदाजाने काहीतरी सांगते. "भाऊ होते तेव्हा की नंतर?", "पाखल्यांच्या (पोर्तुगीजांच्या) वेळी हे गाणे होते?", "रेल्वे आली तेव्हा मुलगी केवढी होती?" असे विचारले की काळ पक्का होतो. आज सत्तरी ओलांडलेल्या बायकांपैकी अनेकींच्या लहानपणी मुक्तीनंतरच्या मराठी प्राथमिक शाळा गावोगाव निघत होत्या. ती शाळेत गेली का, कितवीपर्यंत गेली, गाणी वहीत लिहून ठेवायला कधी लागली, हे या यादीशी जोडून विचारता येते. आणि अशी वही असेल तर ती बघायला मागाच. चुलीच्या धुराने पिवळी पडलेली, पाठीमागे दुधाचा हिशेब लिहिलेली ती वही कितीतरी प्रश्नांपेक्षा अधिक बोलते.

पहिली भेट, यंत्राशिवाय

पहिल्या भेटीत रेकॉर्डर काढू नका. कोणाच्या तरी ओळखीने जा. ती आधी तुमची मुलाखत घेईल : "तूं खंयची गो? कोणाची?" याचे उत्तर पुरते द्या. आजोळ सांगा, गाव सांगा, कुलदैवत विचारले तर तेही सांगा. या बोलण्यात वेळ गेला असे अनेकांना वाटते, पण ती इथेच ठरवते की तुमच्यापुढे किती उघडायचे. तिला काय म्हणायचे ते वाड्यावरचे लोक म्हणतात तसे म्हणा : काकी, मावशी, वयनी, आजी, ख्रिस्ती घरात आंटी. 'मॅडम' म्हटले की ती खुर्चीच्या कडेवर बसते.

आपण का आलो हे साध्या शब्दांत सांगा. कुठे छापणार, कोण वाचणार, तिचे काय जाणार, तिला काय मिळणार. मग पुढची वेळ तिलाच ठरवू द्या. वर्षाचा हिशेब मात्र आपण ठेवायचा. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, घाई असते, सोलां (आमसुले) वाळत घातलेली असतात, मिरच्या दळायच्या असतात. काजूच्या दिवसांत बागायतीतली बाई संध्याकाळपर्यंत घरी सापडत नाही. चवथीच्या आधीचा पंधरवडा मागूच नये, पण फुगडी बघायची तर चवथीतच जायला हवे, म्हणून आधी बघून घ्यायचे आणि बोलायला नंतर जायचे. दिवसात दुपारच्या झोपेनंतरची वेळ सगळ्यांत चांगली : चार ते दिवेलागणीपर्यंत. ख्रिस्ती घरात तेर्साची, म्हणजे संध्याकाळच्या प्रार्थनेची, वेळ सोडून.

रिकाम्या हाताने जाऊ नये. काय न्यायचे ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा.

प्रश्न

हा भाग नीट वाचा, कारण मुलाखत बिघडते ती इथे.

सुरुवात वस्तूपासून करा. क्रोशाची सुई, फुलांची परडी, गाण्याची वही, जुने घुमट वाद्य, कच्चा खर्डा, जे समोर असेल ते तिच्या हातात असू द्या. "हे तुमच्याकडे कुठून आले?" या प्रश्नाला "हांवें कितें केलां" असे उत्तर देता येत नाही. मग हळूहळू शिकण्याकडे वळा. कोणी शिकवले, यापेक्षा कसे शिकवले हे विचारा. बसवून शिकवले, की बाजूला बसून बघत राहायचे? चुकल्यावर काय व्हायचे? पहिल्यांदा कोणी म्हटले की आता तुला येते? बहुतेक बायका सांगतात की कोणी शिकवलेच नाही. तेव्हा विचारायचे : "पहिल्यांदा केलेत तेव्हा शेजारी कोण होते?" नाव लगेच येते. आई, आते, शेजारची म्हातारी, शाळेतली बाई. त्या नावाची नोंद करून ठेवा. त्या बाईची नोंद बहुधा दुसरीकडे कुठेच नसते.

मग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : "वाईट कसे ओळखता?" सैल पडलेली फाती कशी दिसते? फुगडीतली कोणती ओळ पडते, आणि का पडते? खाजे कडक का झाले? कवितेतली कोणती ओळ खोडली आणि कशासाठी? या प्रश्नाला येईपर्यंत ती नम्रपणे बाजूला बसलेली असते. इथे ती परीक्षक होते. तिचा आवाज बदलतो, हात हलू लागतात, "ना, ना, तशें न्हय" म्हणून ती उठून करून दाखवते. आपण कलाकार आहोत हे ती कधी म्हणणार नाही. पण तिची पारख ऐकणाऱ्याला ते कळते. मुलाखतीतला जास्तीत जास्त वेळ मी इथे घालवते आणि तुम्हीही घालवावा.

निर्मितीबद्दल विचारताना एक अडचण येते. लोकगीते गाणारी बाई नवी ओळ स्वतःची असली तरी "पूर्विल्यांचें", म्हणजे पूर्वजांचे, म्हणून सांगते. खोटे बोलण्याचा तिचा हेतू नसतो. मांडावर गायलेले गाणे एकटीचे असते असे ती मानतच नाही. म्हणून "ही ओळ तुम्ही रचली का?" असे विचारू नका. "तुम्ही शिकलात तेव्हा ही ओळ होती?" असे विचारा. "ना, तेन्ना ना आसली." मग ती कधी आली, पहिल्यांदा कोणी म्हटली, बाकीच्यांनी कशी उचलली, असे सावकाश पुढे जाता येते. शेवटी ती हसून म्हणते की तेव्हा मी म्हटली होती, आणि मग साऱ्या जणी म्हणू लागल्या.

लग्नाबद्दल विचारायचे असेल तर तेही गाण्याच्या वाटेने. माहेरच्या मांडावरची आणि सासरच्या मांडावरची गाणी एकच होती का? पेडणे तालुक्यातून सत्तरी तालुक्यात आलेल्या बाईने दोन्हीकडच्या चाली ऐकलेल्या असतात. सासरी आल्यावर तिने माहेरची ओळ कधी घुसवली? कोणी हरकत घेतली? गोव्यात गाणी अशीच गावोगाव पोचली आहेत, सुनांच्या तोंडून. वाकळेचे, लोणच्याचे, रांगोळीचेही तसेच. एवढे विचारले की सासरच्या पहिल्या वर्षांबद्दल ती स्वतःहून बोलते, आणि तेही कोणाचीही तक्रार न करता, कामाच्या संदर्भात.

वेळ आणि जागा याबद्दल नेमके विचारा. "वेळ कसा काढता?" याला उत्तर नाही. "काल सकाळपासून काय काय केलेत, क्रमाने सांगा" याला आहे. सामान कुठे ठेवता? त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? लिहायला कुठे बसता? स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुले झोपल्यावर, असे ऐकलेत की टेबल बघायला मागा. शरीराबद्दलही विचारा. डोळे कधी दमू लागले, पाठ कुठे धरते, आवाज कोणत्या वयात उतरला, बाळंतपणात काय थांबले. ज्या वर्षांत काहीच केले नाही ती वर्षे टाळू नका. "मग पुन्हा सुरू कसे झाले?" या प्रश्नाने मला काही अतिशय चांगली उत्तरे मिळाली आहेत. बहुतेकदा काही मोठे कारण नसते. एखादी शेजारीण हाक मारायला येते आणि ही उठते.

पैशाबद्दल लाजू नका. पहिली नाईट किती मिळाली, लेसचा भाव कोण ठरवतो, बचत गटातून विकले तर हातात काय येते, कवितासंग्रहाचा खर्च कोणी केला, पहिल्या पैशांतून काय घेतले. पहिल्या पैशांची वस्तू बायकांना आयुष्यभर आठवते. आकडे छापायचे की नाही ते तिला नंतर विचारा.

लेखिका, चित्रकार, गायिका यांच्याशी बोलताना 'प्रेरणा' हा शब्द काढूच नका. खर्डे किती होतात, पहिले कोण वाचते, कोणाच्या सांगण्यावरून बदल केला आणि कोणाच्या सांगण्यावरून मुळीच केला नाही, रियाजात आज नेमके काय केलेत, असे विचारा. गोव्यात राहून मराठीत लिहिणाऱ्या बाईला प्रकाशक कुठे मिळतो, पुस्तके पुण्या-मुंबईपर्यंत कशी पोचतात, हाही कामाचाच भाग आहे.

भाषा

आपण मराठीत विचारतो आणि ती कोंकणीत बोलते, आणि गाणे येते ते दोन्हींच्या मधल्या बोलीत. गोव्यात हे स्वाभाविक आहे आणि त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते यंत्र सुरू झाल्यावर ती शाळेतल्या छापील मराठीत बोलू लागली की. तेव्हा वाक्ये नेटकी येतात आणि काम निघून जाते. अशा वेळी आपण कोंकणीत उतरायचे, येत नसेल तर मोडकी बोलायची. ती आपल्याला दुरुस्त करता करता स्वतःच्या बोलीवर येते.

लिहून काढताना ती बोलली तसेच उतरवा. तिच्या 'आसलें'चे 'होते' करू नका. मराठी वाचकासाठी लेखात कोंकणी वाक्ये थोडी ठेवावीत आणि आपल्या वाक्यातून त्यांचा अर्थ कळेल अशी मांडणी करावी. मूळ उतारा मात्र जसाच्या तसा राहू द्या. ख्रिस्ती बाईने रोमी लिपीत लिहिलेली गाणी असतील तर त्या पानांचे फोटो घ्या. देवनागरीत उतरवलेली प्रत वेगळी ठेवा. भाषेच्या वादात तिला ओढू नका. तिची भाषा कोणती, हे तिला ठरवायला लावण्यासाठी आपण आलेलो नसतो.

आवाज पकडताना

फोन पुरतो. कपड्याला लावायचा छोटा माइक घेतला तर आणखी चांगले. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि जमले तर दुसरा फोनही शेजारी सुरू ठेवा. आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या. दोन चॅनेल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी मांडणी असेल तर तासाला सुमारे १ जीबी जागा लागते, म्हणून आधीच जागा रिकामी करून जा. सुरुवातीला तारीख, गाव, दोघींची नावे बोलून घ्या.

आपल्याकडची घरे आवाजाला कठीण असतात. पंखा फोनमध्ये फार मोठा ऐकू येतो, पण मे महिन्यात तो बंद करायला सांगणे हा अन्याय आहे, म्हणून फोन तिच्या जवळ ठेवा आणि पंख्यापासून दूर बसा. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका, कौलांखालची आतली खोली बरी. पोदेराचा (पाववाल्याचा) पोंप, देवळातला लाऊडस्पीकर, चर्चची घंटा हे आवाज आले की थोडे थांबा, पण पुसून टाकू नका. तिचा वाडा त्या आवाजांतून ऐकू येतो.

व्हिडिओ करायचा तर चेहऱ्यापेक्षा हात जास्त घ्या. लेसचा टाका, फातीची गाठ, मुरड घालणारा अंगठा हे शब्दांत उतरत नाही. सलग काही मिनिटे, कॅमेरा न हलवता.

एकटी आणि घोळका

गाणी घोळक्यात, आयुष्य एकटीकडे. धालोची ओळ एकटीला आठवत नाही. दुसरीने अर्धी म्हटली की तिसरी पुरी करते, आणि मग सगळ्या जणी कुठली आधी यावरून भांडतात. ते भांडण रेकॉर्ड करण्याजोगे असते. घोळक्यात बसताना सुरुवातीलाच प्रत्येकीकडून आपले नाव आणि एक वाक्य बोलवून घ्या, म्हणजे लिहिताना आवाज ओळखता येतात. मग एकेकीला वेगळे भेटा.

घरात एकटी मिळणे कठीण असते. नवरा किंवा मुलगा शेजारी बसतो आणि प्रेमानेच उत्तरे देऊ लागतो. त्याला गप्प करणे बरे दिसत नाही. त्याला काम द्या : जुने फोटो, बक्षिसांचे कागद, वर्तमानपत्रातली कात्रणे शोधायला सांगा, आणि त्याच्याशी वेगळे बोलायचे कबूल करा. ते शब्द पाळा, कारण घरातल्यांनी तिचे काम कसे पाहिले हेही नोंदवण्यासारखे असते. अजून एक उपाय : परसात, विहिरीकडे किंवा मांडाच्या जागी चालत जाऊन बोलणे. कुर्डीसारख्या गावात ही वाट विशेष उपयोगी. साळावली धरणात गेलेले ते गाव मे महिन्यात पाणी ओसरले की उघडे पडते आणि वालकिणी, वाडें वसाहतींत गेलेले लोक सोमेश्वराच्या देवळाकडे परत येतात. घर नसलेल्या जागी उभी राहून बाई सांगते की मांड इथे होता, आम्ही इथून यायचो, आणि गाण्यातली ठिकाणे एकेक करून समोर येतात.

जिथे थांबायचे

गोव्यातल्या थोर गायिकांपैकी अनेक जणी देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतून आल्या. हा इतिहास लिहिला गेला आहे, आणि ज्या घराण्यांनी तो सोसला आणि मागे टाकला त्यांचा तो मान आहे. पण आज एखाद्या गायिकेसमोर बसून तिच्या पणजीबद्दल आपण विचारू नये. तिने स्वतः दार उघडले तर ऐकावे, आणि तेही छापायचे का हे पुन्हा विचारावे. जातीबद्दलही असेच. "मांडावर कोणाला येता येत नसे?" हा प्रश्न मात्र विचारायला हवा, शांतपणे, आणि ज्यांना येता येत नसे त्यांच्या घरी जाऊन त्यांनाही विचारायला हवा.

ती रडू लागली तर यंत्र बंद करा. तिने सांगायच्या आधी बंद करा. पाणी द्या, बसून राहा. पुढचा प्रश्न त्या दिवशी नसला तरी चालतो.

परवानगी आणि मोबदला

परवानगी लेखी असावी, तिच्या भाषेत, एका पानात मावणारी. लिहिता येत नसेल तर रेकॉर्डवर बोलून घ्यावी. निवडी वेगवेगळ्या विचारा : नाव छापायचे की नाही, आवाज ऐकवायचा की नाही, फोटो, व्हिडिओ, गाणे इंटरनेटवर घालायचे की नाही. सगळ्याला मिळून एक 'होय' घेऊ नका. परंपरेने आलेल्या गाण्याला कोणी एक कवी नसतो, पण तिने ते गायले त्या गाण्यावर तिचा हक्क आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क मानला आहे आणि तो ५० वर्षे टिकतो. हे तिला सांगा. रोजंदारी बुडवून ती बसली असेल तर त्या दिवसाचे पैसे द्या. तिची वस्तू आवडली तर पूर्ण भावाने विकत घ्या. नमुना म्हणून फुकट मागू नका.

लिहून काढणे

घरी आल्यावर त्याच दिवशी फाईल दोन ठिकाणी ठेवा, एक घरात आणि एक घराबाहेर. नाव असे द्या की दहा वर्षांनीही कळेल : तारीख, गाव, कला. एका तासाचे बोलणे उतरवायला सहा तास सहज लागतात, गाणी असतील तर जास्त. ते काम दुसऱ्यावर टाकू नका. उतरवताना कळते की कुठे आपण मध्येच बोललो आणि तिचे वाक्य तुटले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव लिहून ठेवण्याची त्यांची पद्धत आपण जशीच्या तशी घ्यावी. लोकगीत म्हणून गाणे छापायचे आणि गाणारी बाई 'एक वृद्धा' म्हणून सोडून द्यायची, हे आपण फार केले आहे.

लेख लिहिताना प्रश्नोत्तरांचा क्रम मोडला तर हरकत नाही. तिच्या उत्तराचा अर्थ मोडता कामा नये. आपली स्तुतिपर विशेषणे काढून टाका. 'जिद्दी', 'कष्टाळू', 'सोशीक' हे शब्द ज्या बाईला लावले जातात तिची कला वाचकाला कधी दिसत नाही. त्याऐवजी फातीची गाठ नीट वर्णन करा.

तिला दाखवणे, आणि ठेवून देणे

छापण्याआधी तिच्यासमोर बसून वाचून दाखवा. ती काही काढायला सांगेल, ते काढा. बरेचदा ती काढण्याऐवजी घालायला सांगते : कोणाचे तरी नाव राहिले, एक कडवे राहिले. ही दुसरी बैठकही रेकॉर्ड करावी, पहिल्या बैठकीत न निघालेले बरेचसे इथे निघते.

छापून आल्यावर प्रती तिला आधी, संपादकाच्या मित्रांना नंतर. रेकॉर्डिंगची प्रत पेन ड्राइव्हमध्ये घालून घरातल्या तरुण माणसाच्या हाती द्या आणि ती चालते ना हे तिथेच लावून बघा. मग परवानगी असेल तर एक प्रत कायमच्या जागी : राज्य ग्रंथालय, गोवा विद्यापीठातला संबंधित विभाग, गावचे वाचनालय, जिथे घेतील तिथे विचारा. मुंबईत १९८८ पासून स्पॅरो ही संस्था बायकांचा मौखिक इतिहास जपते. लेखिका सी. एस. लक्ष्मी, म्हणजेच अंबै, तिच्या संस्थापकांपैकी एक आहेत. काम मोठे झाले तर त्यांची पद्धत पाहून यावी.

प्रतीवर नाव घालताना तिला विचारा की कोणते घालायचे. आपल्याकडे कितीतरी बायकांची पहिली नावेही लग्नात बदलली. गाणी ज्या नावाने शिकली ते एक आणि रेशन कार्डावरचे दुसरे. दोन्ही घालायची असतील तर दोन्ही घाला, सोबत माहेरचा वाडा आणि सासरचा वाडा, आणि ज्यांनी शिकवले त्यांची नावे तिने सांगितली त्या क्रमाने.